आमच्या दारातली कटकट

मंडळी, आज सकाळी पितों गावातल्या आमच्या घरी गंमत झाली.

इथे आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत चार म्हणजे 'कात', म्हणून चारही चाकांना जोर देणारी फोर-बाय-फोर गाडी म्हणजे 'कात-कात'. ऐंशीच्या दशकात उसाच्या मळ्यांतल्या मोटार रॅलीत अशी गाडी आली, तेव्हा बाबा आपली लाडकी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी स्पोर्ट्स कार घेऊन उतरले होते. चिखलात बाबा आडवेतिडवे घसरत राहिले, ती गाडी सरळ पुढे निघून गेली. तेव्हापासून ते तिला 'कटकट'च म्हणतात. "ही कटकट माझ्या दारात नको!"

आज माझी लेक सरिता तसलीच गाडी घेऊन दारात उभी. येत्या रविवारी तिची पहिली रॅली.

"आजा, बसता का?"

बाबांनी चाकाला हात लावून पाहिला. "घसरत नाही, तर मजा काय?"

"घसरते की, आजा. पण सावरतेसुद्धा."

बसले एकदाचे. उसातल्या ओल्या वळणावर गाडी घसरली, सावरली, आणि बाबा पोरासारखे ओरडले, "आंकोर! पुन्हा घे!"

उतरल्यावर म्हणाले, "कटकटच आहे. राहू दे दारात."

आता तुम्हीच सांगा, सरिता पहिली रॅली आजच जिंकली की नाही?