डाळिंबी ढग

मला लाल आणि हिरव्या रंगातला फरक कळत नाही. रेल्वेच्या भरतीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि त्यात आकडा आहे असं सांगितलं, तेव्हा हे उघड झालं. मला नुसते ठिपके दिसले. मग मी गणिताचा शिक्षक झालो आणि राहात्यातल्या एका साडी दुकानदाराची मुलगी मला सांगून आली. लग्नाच्या बस्त्याला सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, ही डाळिंबी कशी वाटती?"

"हिरवी छान आहे," मी म्हणालो.

मग त्यांनी साडीची घडी घातली.

अवकाशातल्या दुर्बिणीचे फोटो अलीकडे सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाचलं, की ते मुळात रंगीत नसतातच. दुर्बिणीत वेगवेगळे फिल्टर असतात. प्रत्येकातून ठरावीक लांबीच्या लहरींचाच उजेड आत येतो आणि दर वेळी एक करडा फोटो निघतो. पुष्कळदा तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसणाराही नसतो. मग इथं खाली बसून कुणीतरी सर्वांत लांब लहरींच्या फोटोला लाल रंग देतं, मधल्याला हिरवा, आखूडला निळा, आणि तिन्ही एकावर एक ठेवतं. करड्या फायली कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मला इतका आनंद झाला, की मी उठून पाणी प्यायलो.

एका तेजोमेघाचे तीन फोटो घेतले. आधी नुसताच काळोख होता. अंधुक भाग उजळत नेले तसे ढग वर आले. रंग दिले आणि बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली.

"शेवाळं आहे का हे?"

"तेजोमेघ आहे. तिथे तारे जन्मतात."

"मग टाकी धुवायची राहिल्यासारखा का दिसतोय?"

लाल आणि हिरव्याच्या फायली मी उलट टाकल्या होत्या. मला त्याने काहीच फरक पडला नव्हता. तिने खुर्ची ओढली. मी आकडे बदलत गेलो, ती सांगत गेली. "कडेला चिंतामणी निळा येऊ द्या. हा ढग डाळिंबी. आता विटकरी झाला, मागे या." रंगांवरून न भांडता आम्ही एवढं पहिल्यांदाच बोललो असू. स्वयंपाकाला उशीर झाला.

रविवारी सासरे आले. चित्रापुढे चष्मा पुसून उभे राहिले.

"खरे रंग हायेत का?"

"लहरींचा क्रम खरा आहे. रंग आपण दिलेत. तो उजेड डोळ्याला दिसतच नाही."

"म्हंजी तुमाला दिसत न्हाई, तसं कुनालाच दिसत न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग बरं हाय," ते म्हणाले. लग्नापासून त्यांच्या मनात काहीतरी अडकून होतं, ते सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मलाही हलकं वाटलं. त्यांनी चित्राची फ्रेम करून घेतली आणि दुकानात गादीच्या वर लावली.

पुढे लग्नसराईत त्यांचा फोन आला. "जावईबापू, एक बाई फोटूतल्या ढगासारखी साडी मागत्यात. कोन्ता रंग म्हनायचा?"

"सर्वांत लांब लहरींचा."

"पोरीला द्या फोन."

बायकोने डाळिंबी सांगितला. बाईंनी ती साडी उजेडात नेऊन पाहिली, ढगापेक्षा गडद आहे म्हणाल्या आणि अंजिरी घेऊन गेल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनी पुन्हा फोन केला. "औंदा मोरपंखी लई पडून हाय. तसला एखादा ढग जमंल का?"

मी त्यांना सांगितलं, की आपल्या सोयीने लहरींचा क्रम बदलता येत नाही. पण आखूड लहरी जास्त असलेला ढग सापडू शकतो. बायको आणि मी तो शोधतोय.