सासूबाईंसाठी ऐंशी चौरस फूट

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत दोराभर कलली तरी तो पाडायचा, आणि पाडताना कुणाकडे बघायचा नाही. तीस वर्षं तो गवंडी, मी गिलावा करणारा. तुझा गिलावा म्हणजे माझ्या भिंतीवरची पावडर, असं तो म्हणे. पावडर नसती तर तुझ्या भिंतीचं थोबाड कुणी पाहिलं असतं, असं मी म्हणायचो.

त्याची बायको परदेशातली. चार वर्षं तिकडे बांधकामावर होता, येताना लग्न करूनच आला. आमची भाषा तिने ऐकून ऐकून उचलली, शिव्यांसकट. तिची आई तिकडे एकटी. वय एकाहत्तर, एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या बेतात. गेल्या वर्षी म्हातारी शेगडीपाशी पडली आणि शेजारणीला कळायला दुसरा दिवस उजाडला. तेव्हापासून फोन वाजला की वहिनींना घाम फुटायचा.

दोघं व्हिसाच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी तीन वाटा सांगितल्या. पाहुणी म्हणून आणायचं तर सहा महिन्यांनी परत पाठवायचं. जास्त ठेवून घेतलं तर दहा वर्षं दार बंद. उपचारासाठी आणायचं तर रुग्णालयाचं पत्र हवं, आणि उपचार संपले की परत. तिसरी वाट कायमची. जावयाने हमी घ्यायची, तिकडे सांभाळणारं कुणी नाही असा दाखला आणायचा, आणि घरात तिच्यासाठी खिडकीची वेगळी खोली हवी, कमीत कमी ऐंशी चौरस फूट. अधिकारी येऊन मोजणार. माहिती खोटी निघाली तर अर्ज रद्द, दोन वर्षं पुन्हा करता येत नाही. त्या डोळ्याकडे दोन वर्षं नव्हती.

ओळंब्याने तिसरी वाट धरली. घर स्वतःचं, बैठकीची खोली अठरा बाय नऊ. मधोमध भिंत घातली की नऊ बाय नऊ. अर्जात त्याने एक्याऐंशी लिहिलं आणि मग भिंतीला हात घातला. फळ्या मारून आडोसा कर, असं सगळ्यांनी सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला फळीमागे झोपवू का, म्हणून त्याने विटांची नऊ इंची भिंत उभी केली.

अधिकारी सोमवारी येणार होता. शुक्रवारी दुपारी मी गिलाव्याचा अंदाज घ्यायला गेलो आणि सवयीने आतून टेप लावली. गवंडी भिंतीच्या मध्यापासून मोजतो, आम्ही गिलाव्याच्या पृष्ठभागापासून. गिलाव्याचा अर्धा इंच धरला तर लांबी आठ फूट सात इंच. गुणाकार केला. सव्वासत्त्याहत्तर.

मी टेप त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा लावली आणि खाली बसला. वहिनी दारात होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आईला काय सांगू?"

शनिवारी भिंत पाडली. विटा वाया जाऊ नयेत म्हणून त्याने एकेक खरवडून काढली. बैठकीकडची कड तीच ठेवून साडेचार इंची भिंत चढवली. रविवारी मी गिलावा केला. आतून साडेऐंशी भरली. अर्जात मात्र एक्याऐंशीच होतं.

सोमवारी अधिकारी आला. तरुण, अबोल माणूस. टेप लावली, कागद पाहिला, पुन्हा टेप लावली. म्हणाला, अर्जात एक्याऐंशी आहे.

ओळंबा म्हणाला, "चूक माझी आहे. मध्यापासून मोजलं. पहिली भिंत जाड होती, ती पाडली."

तीस वर्षांत मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग भिंतीवर हात ठेवून तळवा पाहिला, तर तो ओला. ओल्या खोलीला मंजुरी नाही, पंधरा दिवसांनी येतो, म्हणाला. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

नव्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. मी बादली घेऊन गेलो तर वहिनी आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, नका ना. अजून ओली होईल."

"तडा गेला तर अधिकारी तोही लिहील, वहिनी."

त्या बाजूला झाल्या, पण मी पाणी मारताना त्यांनी तोंड फिरवलं. सात दिवस मारलं. पुढचे आठ दिवस खिडकी उघडी. शेगडी आणून ठेवू का, असं त्यांनी तीनदा विचारलं. आचेने गिलावा तडकतो म्हणून तिन्ही वेळा मी नको म्हटलं. दिवसातून दहा वेळा त्या भिंतीला गाल लावून पाहायच्या. ओळंबा कामावर जात होता, पण त्याच्या विटा सरळ बसत नव्हत्या. मुकादमाने मला बोलावून विचारलं, याला झालंय काय.

पंधराव्या दिवशी खालच्या कोपऱ्यात वितीएवढा ओलीचा डाग काळाच होता. अधिकारी वाकला, बोट टेकवलं, बोटाकडे पाहिलं, दोन ओळी लिहिल्या. उत्तर टपालाने येईल म्हणाला आणि चपला घालून गेला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. शेजारीण त्यांची खाट मागत होती. देऊन टाकू का, असं विचारत होत्या. वहिनींनी ते आम्हाला सांगितलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

ओळंबा कोपऱ्याकडे बघत होता. "अजून नको म्हणावं," तो म्हणाला. "खाट राहू दे."