घड्याळ चालूच होतं, नकाशा जुना होता

मागच्या वेळी इथे लिहिलेली एक चूक आधी दुरुस्त करते. सन दोन हजार लागताच मशीनचा कर्नल, म्हणजे आतला सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, मरतो, असं मी लिहिलं होतं... तो मरत नाही.

धुळ्याजवळच्या एका डेअरीचा प्रोग्राम सन दोन हजारात चालेल का, हे आम्ही पिंप्राळ्याच्या ऑफिसात तपासतोय. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवायचा आणि त्याची तारीख एकतीस डिसेंबरच्या पुढे सरकू द्यायची. तारीख उलटली आणि आतली स्क्रीन गोठली.

ऑफिसातले सर म्हणाले, "बंद करून चालू कर, सुटलीस." पण बंद केलं की कारणही पुसलं जातं... म्हणून ते चालू ठेवूनच बाहेरून त्याची मेमरी वाचली. कर्नलचं घड्याळ मेमरीत कुठल्या पत्त्यावर आहे, ते कर्नलबरोबर तयार होणाऱ्या नकाशाच्या फाइलमध्ये असतं. तिथला आकडा हलेना. कर्नल मेला, असं मी डेअरीला लिहून कळवलं.

लगेच तिथल्या ऑपरेटर रेखाअक्कांचा फोन. "चेअरमन नाना म्हणतात, कॉम्प्युटर बंद, परत हातानं लिहा. मग मी काय घरी बसून वाती वळू?"

घरी वडिलांना, आबांना म्हटलं, माझं चुकलं तर नसेल? आबा म्हणाले, "तुनं लिखेल शे ना? मंग बरोबरच व्हई." घरात शाळेत गेलेली मी पहिलीच... या विश्वासाचीच मला भीती वाटते.

परवा पुन्हा बसले. कर्नल आपलं नाव आणि आपण कधी तयार झालो ते मेमरीत बाळगून असतो. नकाशातल्या पत्त्यावर ते नव्हतंच. थोडं पुढे सापडलं. मग आठवलं, मध्यंतरी मी कर्नल नव्यानं तयार केला होता, त्यामुळे पत्ते सरकले होते... नकाशा मात्र जुनाच वापरत होते. नवा लावला, तर घड्याळाचा आकडा पळत होता!

मग अडलं कुठे? वर्ष उलटलं की प्रोग्राम आपोआप वर्षाचा अहवाल छापायला घेतो. आतल्या मशीनला आम्ही प्रिंटरच दिला नव्हता. प्रोग्राम बिचारा प्रिंटरची वाट पाहत उभा होता आणि मी कर्नलला मेलेला ठरवलं.

प्रिंटर जोडून तारीख पुन्हा उलटवली. अहवाल छापून आला.

नानांना फोन केला, तर म्हणाले, "लिखेल एक अन् सांगस एक! आठे ये अन् दखाड."

बरोबरच आहे त्यांचं, तिथे जाऊन दाखवायलाच हवं. लिहिलेलं फोनवर खोडता येत नाही. छापलेला अहवाल घेऊन धुळ्याला जाते आहे... आधी रेखाअक्कांकडे, मग नानांसमोर. येत्या सोमवारी, सकाळच्या पहिल्या एसटीनं.