बुजवलेली पायरी

इस्त्रीवाल्याचं दुकान वळणावर होतं. सरळ चाललेला रस्ता तिथेच का वाकतो, ते नव्या माणसाला कळत नसे. खाली ओढा होता. मागच्या खाणीतून उतरायचा, दुकानापाशी काळ्या खडकाला अडून वळायचा आणि पुढे नदीला मिळायचा. इस्त्रीवाल्याच्या बापानं त्याच खडकावर लोकांचे कपडे आपटले. मग वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. पाणी आज निळं, उद्या तांबडं. इस्त्रीवाल्याची आई म्हणायची, "पांढरी चादर न्यावी आणि रंगीत घेऊन यावी." शेवटी ओढ्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर रस्ता झाला, आणि स्लॅबच्या उरलेल्या तुकड्यावर बापानं दुकानामागची खोली काढली.

त्या खोलीत उतरायला एक पायरी होती. पुढे बापानंच भराव घालून ती बुजवली, फरशी सपाट केली. तरी घरातली माणसं अजून उंबऱ्यावर पाय आखडत, आणि खोलीला 'खाली'च म्हणत. नवी सून तेवढी सरळ चालत जाई.

तिला सातवा महिना लागला होता. मुलाचा नि तिचा पलंग त्याच खोलीत. दुपारी रस्त्यावरची वर्दळ निवली की इस्त्रीवाल्याला फरशीखाली ऐकू यायचं, कुणी गुळण्या कराव्यात तसं.

"तुम्ही दोघं पुढे झोपत जा," तो मुलाला म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," बायको म्हणाली.

मुलगा हसला नाही. "बाबा, खोली हवी असेल तर सरळ मागा. ओढ्याला कशाला मध्ये घालता?"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. जीव मात्र टांगणीलाच राहिला. सून 'खाली' गेली की हातातली इस्त्री थांबायची, ती वर आली की पुन्हा सुरू व्हायची. एका दुपारी बायकोनं त्याला फरशीला कान लावून पडलेलं पाहिलं.

"काय म्हणतोय ओढा?"

"वळायला जागा बघतोय."

आठवडाही गेला नसेल. भरदुपारी सून कपड्यांच्या घड्या ठेवायला मागे गेली आणि एकदम अडखळली. भिंतीला धरून सावरली.

"बाबा," ती तिथूनच म्हणाली, "इथे पायरी कधी केलीत?"

इस्त्रीवाला उंबऱ्याशी आला. फरशी वीतभर खाली गेली होती.

"घड्या टाक. हात दे. वर ये, हळू."

तिचे दोन्ही पाय उंबऱ्याच्या अलीकडे टेकले, तेव्हा त्यानं हात सोडला. गुळण्या आता सगळ्यांनाच ऐकू येत होत्या.

"पलंग तरी..." मुलगा पुढे झाला.

आईनं त्याचा दंड धरला. "पलंग ओढ्याचा," ती म्हणाली.