चव गेलेले शेफ

पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत शेफ टेबलापासून हलायचे नाहीत. हात पाठीमागे, नजर खाणाऱ्याच्या तोंडावर. नवीन माणूस बावचळून जायचा. "बरं झालंय?" एवढंच विचारायचे आणि उत्तर मिळालं की वळायचे. भाईंदर पूर्वेला, खारी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं छोटंसं इटालियन हॉटेल होतं. पुढे काचेच्या कपाटात चीज, ऑलिव्ह, तेलात मुरवलेल्या टोमॅटोच्या बरण्या. मागे चार टेबलं, आणि सगळ्यांना दिसेल असा ओटा. त्या ओट्यावर शेफ हाताने पास्ता लाटायचे.

ते मूळचे रोह्याकडचे. तरुणपणी बोटीवर लागले आणि तिथे एका इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली तयार झाले. गल्लीतले रिक्षावालेसुद्धा त्यांना शेफच म्हणायचे. "शेफ, जैन बनेगा क्या?" असं कुणी विचारलं की कुरकुर न करता कांदा-लसणाशिवाय सॉस करून द्यायचे. कुरकुर असायची ती फोटो काढणाऱ्यांवर. "आधी खा हो. गार झाल्यावर फोटोच उरतो."

मी आईला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती ताटलीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अगं, या तर शेवया! नुसत्या जाड." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यापाशी शेफची बायको, उषावहिनी, पीठ मळत होत्या. त्या खळखळून हसल्या. "मीपण लग्नानंतर हेच म्हणाले होते. हे चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी." त्या दिवसापासून आईची नि त्यांची गट्टी जमली.

साथीच्या काळात शेफना ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. बाकीच्यांची महिन्याभरात परत आली. यांची आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मग वहिनी चव घ्यायला लागल्या. शेफ चमचा पुढे करायचे, वहिनी जिभेला लावून डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "मीठ किंचित." किंवा, "तुळस उतरलीय आता, बंद करा." गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. हॉटेल वहिनींच्या जिभेवर चाललं होतं.

दिवाळीनंतर वहिनींना काविळीचं निमित्त झालं आणि आठ-पंधरा दिवसांत त्या गेल्या.

शेफनी हॉटेल पुन्हा उघडलं. आम्ही गेलो, तर सॉस मिठाने कडू. ते नेहमीसारखे टेबलापाशी उभे. शेजारच्या टेबलावरची माणसं "बढिया है, शेफ" म्हणाली आणि तशीच ताटल्या टाकून उठली. आईने घास गिळला. "भाऊ, खारट झालंय," ती म्हणाली. "फार खारट." शेफनी मान हलवली. "सगळे बरं म्हणतात, ताई. ताटल्या मात्र भरलेल्या परत येतात."

दुसऱ्या दिवसापासून आई सकाळी चव घ्यायला जायला लागली. हॉटेलचा पुन्हा जरा जम बसला. एके दिवशी ती लवकर परत आली आणि जेवायला बसेना. खूप विचारल्यावर बोलली. शेफनी घरून वहिनींची एक साडी आणली होती, नेसून तशीच न धुता घडी घातलेली. ती आईपुढे धरून म्हणाले, "ताई, हिला तिचा वास येतोय का अजून? मला समजत नाही."

"मग?"

"येतोय ना. पिठाचा, लसणीचा, खोबरेल तेलाचा. सांगितलं मी त्यांना. तर म्हणाले, पुन्हा सांगा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी, मी चीज आणायला म्हणून निघाले. गल्लीच्या तोंडाशीच गॅसचा वास आला. हॉटेलच्या जवळ जाईपर्यंत डोकं गरगरायला लागलं. दार लोटून बघते तर शेफ शांतपणे पास्त्याची पोळी लाटत होते. पाणी उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच उघडं. समोर पातेलं, बाजूला लायटर. मी ओरडले, "शेफ, बाहेर या! लायटरला हात लावू नका!" त्यांना काही कळेना. मी ओढूनच त्यांना रस्त्यावर आणलं. समोरचा पानवाला धावत आत गेला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या.

शेफ फुटपाथवर बसले. हाताला पीठ तसंच. म्हणाले, "मघाशी माणसं बसली होती आत. लेकुरवाळी."

त्यांनी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. कपाटातलं चीज आणि बरण्या गल्लीत वाटून टाकल्या. आई म्हणाली, "मी दिवसभर येऊन बसते की." तर म्हणाले, "ताई, तुमची जीभ चांगली आहे. पण माझ्यासाठी तुम्ही अशा किती बसणार?" मग ते रोह्याला भावाकडे निघून गेले.

गणपतीच्या आधी मी फोन केला. आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोललो, आईची चौकशी झाली. जेवणाचं विचारू नये असं मनात ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच, "जेवता ना नीट?"

"जेवतो की," शेफ म्हणाले. "भावजय रोज विचारते, आज काय करू? मी म्हणतो, काहीही कर."