दीडची बेल

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस आहे मी. मावशीच्या अंगात यायचं तेव्हा मी दारामागे उभा राहून फिदीफिदी हसायचो आणि मार खायचो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही... फक्त पूर्ण वाचा.

गुडगावात नुकती कॉल सेंटर्स उघडत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही दिल्लीच्या द्वारकेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो — अर्धी सोसायटी रिकामी, समोर नुसती माती. माझी कायम नाइट शिफ्ट. कॅब मला आठला सोडायची, तोवर सहा वर्षांची आमची सई शाळेत गेलेली असायची आणि बायको माधवी ऑफिसला निघालेली. दीडला सईची व्हॅन यायची. तिला दार उघडायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

पण दिवसा झोप म्हणून लागेना. तीन तासांत टक्क जागा. माधवीच्या भावाने अमेरिकेहून मेलाटोनिनच्या गोळ्या पाठवल्या. फोनवर म्हणाला, औषध नाही हो भावोजी, सप्लिमेंट आहे, बिनधास्त घ्या. घेतली.

पहिल्याच दिवशी बेल ऐकू आली आणि मला हलताच येईना. डोळे मिटलेले, हातपाय जड, तोंडातून शब्द फुटेना. पोर बाहेर एकटी, आणि मी ओंडक्यासारखा पडलेला. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. मग लॅच उघडल्याचा आवाज आला... आणि पाठोपाठ माझाच आवाज — "आलीस का गं? चल, हात धू."

चार वाजता जाग आली. धडपडत बाहेर गेलो तर सई जेवून टीव्ही बघत बसलेली. दार कुणी उघडलं विचारलं, तर म्हणे, "तूच तर, बाबा."

डॉक्टर म्हणाले, झोपेत चालता. असेलही, यार! पण मी पलंगावरच होतो, चादरीची घडी पाठीला टोचत होती, त्याचं काय? माझी तीच तीच बडबड ऐकून माधवी वैतागली. म्हणाली, उद्या सकाळी तू येईपर्यंत थांबते आणि हाफ डे घेऊन एकपर्यंत परत येते. तू गोळी घे, मी बेडरूमला बाहेरून कडी लावून जाते. बघूच कसा चालतोस ते.

आणि नेमकी तिची बस धौला कुआँच्या ट्रॅफिकमध्ये अडकली.

दीडला बेल वाजली. पुन्हा तेच — लॅच, माझा आवाज, ताटल्यांचा आवाज, सईचं खिदळणं. सगळा जीव एकवटून मी तिला हाक मारली. आवाज निघाला की नाही, मलाच कळलं नाही. मी रडत होतो, एवढं आठवतं.

माधवी दोनला पोहोचली. बेडरूमची कडी तशीच लावलेली. बाहेर सई वरणभात संपवत होती. माधवीने आत येऊन मला गदागदा हलवून उठवलं, तेव्हा माझी उशी ओली होती.

गोळ्या त्याच दिवशी फ्लश केल्या. महिन्याभरात नोकरी सोडली, ते घरही सोडलं. पुन्हा कधी तसं झालं नाही. बाहेरची कडी आतला माणूस कशी काढेल आणि परत कशी लावेल?

पण मला छळतं ते वेगळंच. त्या दुपारी सईला जवळ घेऊन मी विचारलं, मी हाक मारली ती ऐकलीस का?

"हो," ती म्हणाली. "मी येत होते आत. पण बाबा म्हणाला, आत कुणी नाहीये. जेव तू."