आधी डॉक्टरांची चामखीळ

"पहिले तुम्ही," आरोही म्हणाली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

आठ वर्षांची पोरगी. वडील मूळचे नांदेडचे, सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला. मी हैदराबादेत त्वचारोगतज्ज्ञ आहे. आरोहीच्या बोटांवरच्या चामखिळी मी लिक्विड नायट्रोजनने तीनदा गोठवल्या होत्या. तिन्ही वेळा त्या परत आल्या, येताना नातेवाईक घेऊन. चामखीळ विषाणूमुळे होते. बहुतेक मुलांचं शरीर उशिरा का होईना, त्याला ओळखून हाकलून देतं. आरोहीची प्रतिकारशक्ती जन्मापासून कमी. तिथे त्याला अडवणारं कुणी नव्हतं. शाळेच्या नाचात तिचा हात कुणी धरेना, म्हणून बाईंनी तिला झाड केलं होतं.

त्या दिवशी ग्लव्ह बदलताना माझ्या अंगठ्यावरची पट्टी तिला दिसली.

"तुम्हाला पण चामखीळ आहे?"

"आहे छोटीशी."

"मग गोठवली कैकू नाही?"

"वेळच मिळत नाही गं. आणि त्यात काय, नुसतं गार लागतं."

"कैकू झूट बोलते, डॉक्टर?"

"आरोही!" वडील ओरडले. पण त्यांचीही नजर माझ्या अंगठ्यावरच होती.

मी पेशंटच्या खुर्चीत बसले. सिस्टर पद्मानं स्प्रे धरला. पाच सेकंद गार वाटलं, मग अंगठ्यावर निखारा ठेवल्यासारखं झालं. मी "आई गं!" म्हणून अशी किंचाळले की बाहेर बसलेली दोन मुलं रडायला लागली आणि एक कुटुंब उठून गेलं.

"हलू नका मॅडम, थोडंच राहिलं," पद्मा म्हणाली. हे वाक्य मीच तिला शिकवलं होतं.

आरोही माझा खांदा थोपटत होती.

एका अंगठ्याचे हे हाल. हिच्या बोटांवर सव्वीस होत्या, आणि उपयोग शून्य. तिच्या इम्युनिटीच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. विषाणूवरचं एक इंजेक्शनचं औषध क्रीममध्ये मिसळून लावायचं ठरलं. औषध जहाल, किडनीला त्रास देऊ शकणारं. म्हणून एका वेळी थोड्याच जागी लावायचं आणि रक्त तपासत राहायचं.

"मॅडम, यानंही नाही गेलं तर?" वडिलांनी विचारलं.

"दुसरं काही शोधू. पण आता गोठवणार नाही."

मग त्यांनी कन्सेंटवर सही केली.

चौथ्या महिन्यात दोन सोडून सगळ्या गेल्या. गॅदरिंगला आरोही रांगेत नाचली. पुढच्या व्हिजिटला तक्रार घेऊन आली, "माझ्या पार्टनरच्या हाताला लई घाम येतो. त्याला काहीतरी द्या."

माझी चामखीळ अजून आहे.

पेशंटच्या खुर्चीत डॉक्टरनं अधूनमधून बसावं, हे मला पटलंय. फक्त आधी दार लावून घ्यावं.